तळटीप : वेम्बलीवरचा सहा-तीन

'वेम्बलीची फजिती' – लेखकांचा रोख २५ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर झालेल्या इंग्लंड-हंगेरी फुटबॉल सामन्याकडे आहे. हंगेरीने तो ६-३ असा जिंकला. इंग्लंडचा खेळ ठरीव साच्यातला. ज्याने त्याने आपली जागा धरायची आणि समोरचा गडी अडवायचा. हंगेरीचे खेळाडू मात्र छोटे पास देत सतत जागा बदलत राहिले. पाठीवर ९ आकडा असलेला हिदेगकुटी, म्हणजे रिवाजाप्रमाणे सर्वांत पुढचा गडी, मुद्दाम मागे उतरून खेळत होता. त्याच्या मागे जावे तर बचावात खिंडार, न जावे तर तो मोकळा! इंग्लंडचा मधला बचावपटू हॅरी जॉन्स्टन या पेचातून शेवटपर्यंत सुटला नाही. हिदेगकुटीने तीन गोल केले, त्यातला पहिला मिनिटभराच्या आत. हंगेरीच्या पुश्काशने बुटाच्या तळव्याने चेंडू मागे ओढून इंग्लंडचा कर्णधार बिली राइट याला चकवले, तेही याच सामन्यात. लेखक याला इंग्लंडचा 'मायभूमीवरील पहिला पराभव' म्हणतात, ते मात्र बरोबर नाही. १९४९मध्ये आयर्लंडने गुडिसन पार्कवर त्यांना २-० असे हरवले होते. मे १९५४मध्ये बुडापेस्टला परतीचा सामना झाला, तो हंगेरीने ७-१ असा जिंकला.