रॅक्लोप्राइड पेट चित्रण
जिवंत मेंदूतील डोपामीनचे डी-२ ग्राही मोजण्याची पॉझिट्रॉन उत्सर्जनावर आधारित पद्धत. असे पहिले मानवी चित्र १९८३ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हेन्री वॅग्नर यांनी घेतले; यंत्रात झोपले होते ते स्वतःच. तेव्हाचे ग्राहींना चिकटणारे किरणोत्सारी द्रव्य मात्र वेगळे होते. रॅक्लोप्राइड पुढे स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतून रूढ झाले. त्यातील कार्बन-११ दर २० मिनिटांनी निम्मा उरतो, म्हणून तो बनवणारा सायक्लोट्रॉन हाताशीच लागतो. मेंदूत डोपामीन स्रवले, की ते ग्राहींवरची जागा अडवते आणि रॅक्लोप्राइडचा संकेत घटतो. व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांत हे १९९८ मध्ये लंडनला दिसले. खरा उपयोग औषधाची मात्रा ठरवण्यात झाला: मनोविकारविरोधी औषधाने सुमारे ८० टक्क्यांहून अधिक ग्राही व्यापले, की कंप, ताठरपणा असे दुष्परिणाम बळावतात.