आंबवलेली प्रसाधनद्रव्ये

आंबवलेली प्रसाधनद्रव्ये : तांदळाचे धुवण, दूध, ऊस अशा नैसर्गिक पदार्थांवर जिवाणू, यीस्ट किंवा बुरशी वाढवून केसांसाठी व त्वचेसाठी तयार केलेली द्रव्ये. घरातल्या मडक्यात आंबवलेल्या धुवणापासून कारखान्यातील किण्वनटाक्यांतून निघणाऱ्या हायल्युरॉनिक आम्लापर्यंत त्यांचा पसारा आहे. त्वचेच्या बाबतीत त्यांचे काही गुण चांगले सिद्ध झालेले आहेत. केस वाढवण्याचा त्यांचा लौकिक मात्र पुराव्याच्या बराच पुढे गेला आहे.

परंपरा : जपानमध्ये हेइआन काळातील (७९४–११८५) दरबारी स्त्रिया जमिनीवर लोळणारे आपले केस तांदळाच्या धुवणाने विंचरीत. हे धुवण म्हणजे ‘युसुरु’. ते ठेवायला झाकणाचे खास भांडे असे. दक्षिण चीनमधील ग्वांगशी प्रदेशात, लोंगशंग परगण्यातील ह्वांगल्वो हे लाल याओ समाजाचे गाव तिथल्या स्त्रियांच्या लांबसडक केसांसाठी ओळखले जाते. अनेकींचे केस मीटरभराहून लांब असतात. रूढीप्रमाणे मुलगी वयात आली की एकदाच केस कापतात आणि कापलेला झुबका जपून ठेवून पुढे अंबाड्यात गुंफतात. न्हाण्यासाठी चिकट तांदळाचे धुवण पपनसाची साल, आले आणि कॅमेलियाच्या बियांची पेंड घालून उकळतात व मडक्यात आंबवतात. या पेंडीत सॅपोनिने असतात. रिठ्याला फेस आणणारी द्रव्ये ती हीच, त्यामुळे केसांचा मळही निघतो.

भारतात आयुर्वेदाने आंबवलेल्या द्रव्यांचा बाह्योपचारांत वापर केला. तक्रधारेत औषधी काढा मिसळलेल्या ताकाची संथ धार कपाळावर धरतात. धान्ये आंबवून केलेले धान्याम्ल अंगावर धारेने सोडतात. कोंडा झाला की आंबट दही डोक्याला चोळायचे, चेहऱ्याला डाळीचे पीठ दह्यात कालवून लावायचे, हे महाराष्ट्रातील घरगुती उपाय.

आंबताना काय घडते : लॅक्टिक जिवाणू साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात. स्वीडिश रसायनज्ञ कार्ल शील यांनी १७८० मध्ये आंबलेल्या दुधातून हे आम्ल प्रथम वेगळे केले. योग्य तीव्रतेत ते त्वचेच्या वरच्या थरातील मृत पेशींमधील बंध सैल करते, म्हणून त्वचा नितळ दिसते. त्याचे क्षार त्वचेतील ओलावा धरून ठेवणाऱ्या नैसर्गिक द्रव्यांमध्येही असतात. तांदळातील फायटिक आम्लाचे विघटन झाले की इनॉसिटॉल सुटे होते; धुवणाच्या गुणांचे श्रेय पुष्कळदा त्याला दिले जाते.

केसांवरील परिणाम : केसाचे बाहेरचे आवरण कौलांसारख्या एकावर एक बसलेल्या खवल्यांचे असते. अल्कधर्मी साबणाने हे खवले उचलले जातात. केस राठ होतात, एकमेकांत अडकतात. सौम्य आम्लधर्मी पाण्याने ते पुन्हा चापून बसतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात धुवणामुळे केसांच्या पृष्ठभागावरील घर्षण कमी होते आणि लवचीकपणा वाढतो, असे आढळले.

हा सारा परिणाम केसाच्या निर्जीव दांड्यावर होतो. केस वाढतो तो टाळूतील मुळाशी, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, आणि आंबवलेले धुवण हा वेग वाढवते असे दाखवणाऱ्या भक्कम मानवी चाचण्या उपलब्ध नाहीत. तुटणे कमी झाले की लांबी टिकते. तीच वाढ म्हणून दिसते. आनुवंशिक टकलावर मिनॉक्सिडिलसारख्या औषधांमागे जो चाचण्यांचा आधार आहे, तो धुवणामागे नाही.

उद्योग : जपानी साके गाळणाऱ्या कारखान्यातील वृद्ध कामगारांचे चेहरे सुरकुतलेले, पण हात मऊ दिसले आणि त्यावरून संशोधनाची दिशा ठरली, अशी एसके-टू या ब्रँडची कथा आहे. १९८० मध्ये बाजारात आलेल्या त्याच्या प्रसाधनाचा गाभा म्हणजे गॅलॅक्टोमायसिस या यीस्टवाढीचा गाळलेला द्रव. साके, मिसो व सोया सॉस यांसाठी लागणाऱ्या कोजी बुरशीतून १९०७ मध्ये जपानी संशोधक साइतो यांनी कोजिक आम्ल मिळवले. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन तयार होण्यासाठी टायरोसिनेज हे विकर लागते. कोजिक आम्ल त्यातील तांबे बांधून ठेवते आणि विकराचे काम मंदावते. त्यामुळे काळे डाग फिकट करणाऱ्या मलमांत ते वापरतात.

किण्वनाने काही प्राणिज कच्च्या मालालाही पर्याय दिला. हायल्युरॉनिक आम्ल पूर्वी प्रामुख्याने कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत. आता ते मुख्यतः स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंकडून तयार करून घेऊन शुद्ध करतात. शार्कच्या यकृतातील तेलापासून मिळणारे स्क्वालेन आता उसाच्या साखरेवर यीस्ट वाढवूनही बनवतात.

धोके : कारखान्यात निवडक सूक्ष्मजीव, तापमान आणि आम्लता यांवर नियंत्रण असते; घरच्या मडक्यात ते नसते. तांदळावर बॅसिलस सिरिअस हा रोगकारक जिवाणू सहज वाढतो. बुरशीचा थर, विचित्र रंग किंवा कुजका वास आलेले धुवण टाकून द्यावे लागते. ताज्या जखमेवर, इसबावर किंवा खाजणाऱ्या टाळूवर ते लावणे टाळतात. लॅक्टिक आम्लासारख्या आम्लांच्या वापरानंतर त्वचा उन्हाला अधिक संवेदनशील होते, म्हणून सोबत सनस्क्रीन वापरतात. कोजिक आम्लाने काहींच्या त्वचेला दाह होतो. युरोपीय संघाने चेहऱ्याच्या व हातांच्या प्रसाधनांत त्याचे प्रमाण कमाल १ टक्का ठरवले आहे.