डाळिंबाचा ताण आणि विसावा

डाळिंबाच्या झाडाला माल कमी लागला की आज पहिला हात खतांकडे आणि फवारणीकडे जातो. करमाळा तालुका आणि एकूण सोलापूर जिल्ह्यातल्या डाळिंबशेतीचा इतिहास पाहिला, तर आधी झाडाला मिळालेला विसावा तपासावा असेच म्हणावे लागते. ओलावा असेल तर डाळिंब वर्षभर थोडी थोडी फुले देत राहते. अशी विखुरलेली फळे नीट पोसत नाहीत आणि एकदम बाजारातही नेता येत नाहीत. म्हणून दख्खनच्या बागायतदारांनी बहार धरण्याची रीत बसवली. पाणी तोडून ताण द्यायचा, पानगळ झाली की छाटणी करायची, आळ्यात खत घालून हलके पाणी सोडायचे. ताणात शेंड्याची वाढ थांबते, फांद्यांत अन्न साठते आणि पाणी मिळताच कळी एकदम निघते. आंबे, मृग आणि हस्त या तीन बहारांपैकी मृग अवर्षणप्रवण भागाला सहज जमणारा, कारण त्याआधीचा ताण उन्हाळाच देई.

पुढे परिस्थिती पालटली. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि करमाळ्याच्या भीमाकाठच्या गावांना फुगवट्याचे पाणी मिळाले. १९९०पासून रोजगार हमीशी जोडलेल्या योजनेने फळबागांना बळ दिले, ठिबकने थोड्या पाण्यात बाग उभी करता येऊ लागली. वाणही बदलले. डॉ. चिमा यांनी १९३६ साली पुण्यात निवडलेल्या 'गणेश'ची जागा 'भगवा'ने घेतली. भगव्याचे फळ तयार व्हायला सुमारे सहा महिने लागतात, गणेशला त्याहून कमी. म्हणजे वर्षातला विसाव्याचा काळ वाणानेच आखडला. त्यात चांगल्या भावासाठी तोडणी लांबवली किंवा लगेच पुढचा बहार धरला, की झाडाकडे साठा उरत नाही. अशा अशक्त झाडाला पुन्हा ताण दिला, तर कळी कमी निघते आणि फांद्या वाळतात.

यावर कोणी म्हणेल, बागा तेल्या रोगाने गेल्या, विसाव्याअभावी नव्हे. तेल्या जिवाणूजन्य आहे आणि रोगट बागेतल्या गुटी कलमांतून तो पसरतो, हे खरेच. रोगमुक्त रोपाला पर्याय नाही. पण हा रोग पावसाळी, दमट हवेत फोफावतो आणि मृग बहाराची फळे नेमकी तेव्हाच झाडावर असतात. म्हणूनच तेल्याग्रस्त भागासाठी तज्ज्ञ हस्त बहार आणि तोडणीनंतर तीन-चार महिन्यांची विश्रांती सुचवतात. सोलापूरचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ साली सुरू झाले. बहार धरण्याची जाण त्याच्या कितीतरी आधीची, पण जुनी जाण आणि आजचे संशोधन दोन्ही विसाव्याच्या या सल्ल्यापाशी एकत्र येतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कर्ज काढलेल्या शेतकऱ्याला थांबणे परवडेल कसे? पण विसावा म्हणजे वर्ष वाया घालवणे नव्हे. वर्षाला एकच बहार धरून उरलेल्या महिन्यांत शेणखत, बेताचे पाणी आणि रोगट फांद्यांची छाटणी एवढे सांभाळले, तरी झाड पुढच्या बहाराला उभे राहते. फारच खंगलेल्या बागेचा एक बहार सोडावा लागेल. तो तोटा नवी लागवड करून फळाची वाट पाहण्यापेक्षा कमीच आहे. पाणी हाती आले म्हणून विसाव्याची गरज संपत नाही. पूर्वी दुष्काळ देत असलेली शिस्त आता बागायतदाराने स्वतः पाळायला हवी.