मोत्याचे पाणी : दागिन्यांच्या पेटीतला इतिहास

वाचनालयाच्या शताब्दी स्मरणिकेत दागिन्यांविषयी लेख कशासाठी, असा प्रश्न काही सभासदांच्या मनात येईल आणि तो रास्तच आहे. परंतु घरातील दागिन्यांची पेटी हेही एक लहानसे ग्रंथालयच असते. देशोदेशींच्या व्यापाराचे, राज्यांच्या उदयास्ताचे आणि कारागिरांच्या कौशल्याचे वृत्तान्त तिच्यात साठवलेले असतात. ते वाचण्याची लिपी मात्र आपण विसरत चाललो आहोत. आमच्या घराला या विस्मरणाची किंमत मोजावी लागली, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझ्या आजीचे माहेर जांबोटीचे. तिच्याजवळ मोत्यांची एक चिंचपेटी आणि एक नथ होती. पावसाच्या गोष्टी निघाल्या की ती स्वातीच्या थेंबाची कथा हटकून सांगे. स्वाती नक्षत्रातील पावसाचा थेंब उघड्या शिंपल्यात पडला की त्याचा मोती होतो, ही समजूत भर्तृहरीच्या ‘नीतिशतका’पासून लोककथांपर्यंत सर्वत्र आढळते. सूर्य स्वाती नक्षत्रात येतो तो ऑक्टोबरच्या अखेरीस. त्या सुमारास जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात भात कापणीला आलेले असते. तेव्हा पाऊस आला की शेतकऱ्याच्या पोटात गोळा उठतो. उलट, जिल्ह्याच्या पूर्वेकडील काळ्या रानात तोच पाऊस रब्बीच्या जोंधळ्याला जीवदान देतो. स्वाती बरसल्या तर माणिक-मोती पिकतील, ही म्हण शोभते ती त्या शिवारात. आजी हसून म्हणे, “बाळा, आमच्याकडचा थेंब शिंपल्यात जात नाही, लोंबीत जातो.”

शास्त्रकारांनीही मोत्याच्या जन्माचा पुष्कळ विचार केला होता. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त हत्ती, सर्प, शिंपला, शंख, मेघ, वेळू, मोठा मासा आणि वराह अशी मोत्याची आठ उत्पत्तिस्थाने सांगितली, मात्र विपुल आणि उत्तम मोती शिंपल्यातीलच, हेही त्याने नमूद केले. कौटिल्याचे ‘अर्थशास्त्र’ अधिक व्यवहारी आहे. मोती टपोरा, वाटोळा, तेजस्वी, शुभ्र, जड, स्निग्ध आणि योग्य जागी वेज पाडलेला असावा, असे तो सांगतो. हारांची नावेही तो सरांच्या संख्येवरून देतो. १००८ सरांचा तो इंद्रच्छंद, तर २७ सरांची ती नक्षत्रमाला. आधुनिक विज्ञानाने स्वातीचा थेंब बाजूला सारला. शिंपल्यातील जीवाच्या अंगात एखादा परजीवी शिरला किंवा त्याच्या त्वचेला इजा झाली, तर त्या जागेभोवती तो चुनखडीचे अतिशय पातळ थर चढवीत जातो. या थरांतून परतणाऱ्या प्रकाशालाच आपण मोत्याचे ‘पाणी’ म्हणतो. मोती हा मूलतः चुनाच असल्याने आम्लाने तो झिजतो. घामाने व अत्तराने त्याचे पाणी उतरते. दागिना काढल्यावर मऊ कापडाने पुसून ठेवण्याची आजीची शिस्त अशी शास्त्रशुद्ध होती.

आपल्या जुन्या घरांतील मोत्यांना ‘बसरा मोती’ म्हणतात. ते निघत इराणच्या आखातात, बहरीन-कुवेतच्या समुद्रात. बसरा हे व्यापाराचे बंदर. त्याचेच नाव मालाला चिकटले. या मोत्यांची सर्वांत मोठी पेठ होती मुंबई. तेथे मोती चाळले जात, प्रतवारी लावली जाई आणि कमानीच्या दोरीने फिरणाऱ्या बारीक सळईने त्यांना वेज पाडले जाई. मोलही निराळ्याच हिशेबाने ठरे. ते वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढे. म्हणजे एकाच प्रतीच्या दोन मोत्यांत एक रतीच्या मोत्यापेक्षा दोन रतीचा मोती चौपट महाग. १७६१ साली पानिपतचे वर्तमान सावकारी पत्रातून आले, तेव्हा विश्वासराव आणि भाऊसाहेब यांच्या मृत्यूसाठी दोन मोती गळाल्याचा संकेत वापरला गेला. त्यातील वेदना कळण्यासाठी हा हिशेब ठाऊक असावा लागतो.

मोती ओवण्याचे काम पटवेकऱ्यांचे. सोनाराने पेट्या आणि कोंदण करावे, जवाहिऱ्याने मोती निवडावेत आणि पटवेकऱ्याने रेशमात ते गाठवावेत, अशी ही तीन हातांची कारागिरी. चिंचपेटी गळ्याशी घट्ट बसते. तन्मणीचे सर मधल्या खोडाशी एकत्र येतात. कुडीत एका मोत्याभोवती सहा मोती फुलासारखे बसतात. पुरुषही मागे नव्हते. पेशवाईतील चित्रांत भिकबाळी आणि चौकडा घातलेले मुत्सद्दी दिसतात. बेळगावला लागून असलेले शहापूर हे १९४८ पर्यंत सांगली संस्थानचे. तेथील सराफ गल्ली आजही त्या जुन्या पेठेची साक्ष देते.

नथ आपण अनादि मानतो. पण प्राचीन शिल्पांतील स्त्रियांच्या नाकात ती नाही. भांडारकर प्राच्यविद्या मंदिराचे अभ्यासक प. कृ. गोडे यांनी या विषयाचा कसून शोध घेऊन, इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकात या अलंकाराचा पुरावा मिळत नाही, असे दाखविले. परंपरेलाही वय असते, हे अशा संशोधनातून कळते.

मोत्यांच्या सोबतीला येणारे खडेही दूरदेशीचे. मंगळाचे रत्न मानलेले पोवळे आले भूमध्य समुद्रातून. अठराव्या शतकात इटलीतील लिव्होर्नो बंदराचे ज्यू व्यापारी ते गोव्याला धाडीत आणि तेथील सारस्वत व्यापारी त्याच्या बदल्यात हिरे पाठवीत. या रत्नांचे ज्ञानही गोव्यात ग्रंथबद्ध झाले. वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात औषधी वनस्पतींबरोबर मोती आणि हिरे यांचीही चर्चा केली आहे. सूर्याचे रत्न माणिक. त्याची खाण ब्रह्मदेशात. तेथील पदच्युत राजा थिबा १८८६ ते १९१६ रत्नागिरीत स्थानबद्ध होता, आणि खर्च भागेना तेव्हा आपली माणके एकेक करून विकीत होता.

बसरा मोत्यांचे युगही असेच संपले. जपानच्या मिकिमोतो यांनी १८९३ साली शिंपल्यात मोती ‘पिकवून’ दाखविला. पुढे वाटोळे संवर्धित मोती बाजारात आले. त्यात जागतिक मंदीची भर पडली आणि आखातात तेल सापडले. १९३०च्या दशकात पाणबुड्यांचा तो जुना धंदा कोसळला. तेव्हा जुन्या घरांतले बसरा मोती हा आता न वाढणारा साठा आहे.

हे सारे मला फार उशिरा कळले. १९९४ साली बहिणीच्या लग्नाच्या वेळी चिंचपेटीचा रेशीमधागा जीर्ण झाला होता, म्हणून ती पुन्हा ओवून घ्यायला दिली. आजीचे मोती बारीक, किंचित पिवळसर, एकसारखे नसलेले. ते काढून पांढरेशुभ्र नवे मोती घाला, असे आम्हीच हौसेने सांगितले. जुने परत मागावेत, हेही सुचले नाही. दागिना घरी आल्यावर आजीने तो तळहातावर बराच वेळ धरला आणि एवढेच म्हणाली, “चांगले आहेत रे, पण ओळखीचे नाहीत.” तेव्हा आम्हाला ते म्हातारपणाचे बोलणे वाटले. काही वर्षांनी वाचनालयातील रत्नशास्त्रावरची पुस्तके चाळताना त्या वाक्याचा अर्थ उमगला. तोवर आजी राहिली नव्हती. नथ वाचली, कारण ती तिने कोणाच्या हाती दिलीच नव्हती.

म्हणून सभासदांना एक नम्र विनंती. जुना मोत्यांचा दागिना ओवायला देताना मोती मोजून द्या आणि मोजून घ्या. रंगावरून मोल ठरवू नका. दातावर घासून पाहण्याने खोटा मोती ओळखता येतो. पण नैसर्गिक आणि संवर्धित मोत्यांतला भेद उकलायला क्ष-किरण तपासणीच लागते. आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना दागिन्यांची नावे, ते कोठून आले, कोणी घडविले, हे विचारून लिहून ठेवा. अशा टिपणांची एक वही आपल्या वाचनालयाने राखली, तर आमच्या घराने गमावले ते दुसऱ्या एखाद्या घराचे टिकेल. पहिल्या पानावर आजीच्या नथीची नोंद करण्याची माझी तयारी आहे.