पांझरेचे फड

आम्हां शहरवासीयांना पाणी म्हणजे नळाची तोटी. ते वाटून घेण्याचे शास्त्र खानदेशच्या शेतकऱ्याला मात्र शतकांपूर्वीच अवगत होते. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर बंधारे, त्यांतून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात एका साली एकच पीक. पाणी पाटकऱ्याने द्यावयाचे. शेतधन्याने पाटाला हात लावावयाचा नाही! गाळ सर्वांनी मिळून काढावयाचा. शेते निरनिराळ्या फडांत विखुरलेली असत, म्हणून अवर्षणात एखादा फड कोरडा ठेविला तरी झळ बहुतेकांना सारखीच लागे. ही युक्ती आम्हांस फार शहाणपणाची वाटते.

परंतु कौतुकाच्या भरात एक गोष्ट आम्ही विसरतो. जमीन त्याचेच पाणी. भूमिहीनाला वाटा नव्हता. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावी विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, तेव्हा हिशेब माणसांवर धरला. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, कुटुंबास फार तर अडीच एकरांचे, भूमिहीनासही हक्क. ऊस वर्ज्य. खर्चाचा पाचवा हिस्सा मात्र पाणी घेणाऱ्यांनीच भरावयाचा.