खोडदने ऐकलेला मंगळाचा स्वर

१९ ऑक्टोबर २०१६ ची संध्याकाळ. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी ही महादुर्बीण त्या वेळी कोणत्याही दीर्घिकेचा वेध घेत नव्हती. तिचे कान लागले होते मंगळावर उतरू पाहणाऱ्या ‘स्कियापरेली’ या युरोपीय यानाकडे.

प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत विखुरलेल्या. ही दुर्बीण निसर्गातील रेडिओलहरी टिपण्यासाठी उभारलेली, यानांशी संभाषण करण्यासाठी नव्हे. तरीही परक्या यानाचा क्षीण स्वर तिला सापडला, कारण तो कुठे शोधायचा हे ठाऊक होते. यान सुमारे ४०१ मेगाहर्ट्झवर बोलत होते, आणि मंगळाभोवतीच्या यानांनी परस्परांशी कोणत्या पट्ट्यात बोलावे हे आंतरराष्ट्रीय मानकाने आधीच ठरवून दिले होते.

ही मानके ठरवणारी सीसीएसडीएस ही समिती १९८२ सालची. इस्रो तेथे निरीक्षक आहे.

मानक हा शब्द रूक्ष वाटतो खरा. पण सप्टेंबर १९९९ मध्ये नासाचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ नष्ट झाले, ते एका गटाने आवेग पाउंड-सेकंदांत दिला आणि दुसऱ्याने तो न्यूटन-सेकंदांत वाचला म्हणून. आकडे पोहोचले, एकक पोहोचले नाही.

२००४ मध्ये समितीने कक्षाविषयक संदेशांचे मानक प्रसिद्ध केले. (ते या अपघातामुळेच आले असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल.) त्यात यानाचे नाव, केंद्रस्थानचा ग्रह आणि कालगणना ठरलेल्या शब्दांत आधी लिहावी लागते, मग स्थान किलोमीटरमध्ये आणि वेग किलोमीटर प्रतिसेकंदात. अशी फाइल माणसाने न उघडताही दुसऱ्या देशातला संगणक वाचतो आणि अँटेना केव्हा, कुठे वळवायची हे काढतो. २००७ मध्ये मागोव्याच्या मोजमापांसाठीही असेच मानक आले.

खोडदला मिळाला तो केवळ वाहक लहरीचा स्वर. त्याच्या चढउतारांवरून यानाची गती कळत होती. अपेक्षित अवतरणाच्या थोडे आधी तो स्वर थांबला. यानाचा सविस्तर डेटा मात्र त्याच वेळी मंगळाच्या कक्षेत शिरणाऱ्या ‘ट्रेस गॅस ऑर्बिटर’ने टिपला होता, आणि त्या युरोपीय यानावरचा रेडिओ नासाने दिलेला होता. त्या नोंदींतून कारण उलगडले: फिरण्याचा वेग मोजणारे उपकरण सुमारे एक सेकंद कमाल मर्यादेवर अडकले, संगणकाने उंची जमिनीखालची काढली, छत्री वेळेआधी सोडून दिली, इंजिने जेमतेम काही सेकंद चालली, आणि यान सुमारे पावणेचार किलोमीटरवरून कोसळले.