द्रव, पण शिस्तीचा

श्रोतेहो, परतूरच्या बाजारात कापसाचा हिशेब करताना दुकानदार गणकयंत्राची बटणं दाबतो आणि करड्या काचेवर काळे आकडे उमटतात. तिथं शाई नाही, दिवाही नाही. तिथं आहे द्रव स्फटिक.

१८८८ साली प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख रायनिट्झर यांनी कोलेस्टेरॉलपासून केलेला एक पदार्थ तापवला. १४५.५ अंशांवर तो वितळला, पण गढूळ राहिला, १७८.५ अंशांवर एकदम नितळ झाला. जर्मन शास्त्रज्ञ ओटो लेमान यांनी तो सूक्ष्मदर्शकातून न्याहाळला. हा पदार्थ द्रवासारखा वाहतो, तरी स्फटिकासारखी शिस्त पाळतो, असे त्यांना आढळले.

पुढे कित्येक वर्षे ही निव्वळ प्रयोगशाळेतली नवलाई राहिली. १९६८ साली अमेरिकेत जॉर्ज हाइलमायर यांनी विजेवर चालणारा द्रव स्फटिकाचा पडदा जाहीर केला. १९७० साली स्वित्झर्लंडमध्ये शाट व हेलफ्रिश यांनी दोन काचांमध्ये रेणूंना दोरासारखा पीळ दिला. थोडासा विद्युत्दाब दिला, की पीळ सुटतो, प्रकाश अडतो आणि आकडा काळा दिसतो.

मग बॅटरीची वीज सरळच का देऊ नये? कारण दाब सतत एकाच बाजूने राहिला, तर द्रवात रासायनिक बिघाड होऊन पडदा खराब होतो. म्हणून विजेची दिशा सेकंदात अनेकदा पालटतात. रेणू गोंधळत नाहीत का? मुळीच नाही. औत जाताना-येताना बैलांचं तोंड उलट होतं, पण तासाची रेघ तीच राहते ना? तसंच इथं आहे. हे रेणू विजेचा जोर ओळखतात, उलट-सुलट ओळखत नाहीत. वीज थांबली, की ते आपोआप पिळात परततात. कडाक्याच्या थंडीत द्रव दाट होतो, म्हणून हे परतणं मंदावतं.

या इतिहासात नागपूरचंही नाव आहे, बरं का! नागपूर विद्यापीठातून १९५१ साली एम.एस्सी. झालेले शिवरामकृष्ण चंद्रशेखर पुढे बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत गेले. द्रव स्फटिकाला काडीसारखे लांबट रेणूच लागतात, असा तोवर समज होता. थाळीसारख्या चपट्या रेणूंचेही द्रव स्फटिक होतात, हे त्यांनी १९७७ साली सहकाऱ्यांसह दाखवून दिले.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, वर्गात गणकयंत्रासमोर पोलरॉइडचा चष्मा धरून हळूहळू फिरवा. एका कोनात सारा पडदा काळा पडेल. का, ते मुलांनाच विचारा. उत्तराची घाई करू नका.